देणारा हात आणि पिणारा घोट

आमच्या वऱ्हाडी बोलण्यात ‘औषध’ हा शब्द जितक्या सहजपणे दोन टोकांना जातो, तितका दुसरा कोणताही शब्द जात नसावा. आजाऱ्याला देतात तेही औषध आणि कपाशीवर फवारतात तेही औषध. ‘त्यानं औषध घेतलं’ हे वाक्य मेहकर-चिखलीकडे कोणत्या सुरात उच्चारले जाते त्यावरून ऐकणाऱ्याला कळते की माणूस बरा होणार आहे की हाताबाहेर गेला आहे. वर्तमानपत्रेसुद्धा ‘विषारी औषध प्राशन करून’ असेच छापतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

बुलढाण्याच्या न्यायालयात इतकी वर्षे काळा कोट घालून वावरल्यावर मला असे दिसते की, हा गोंधळ एकट्या बोलीचा नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२८मध्ये विष, गुंगी आणणारे औषध, नशा आणणारे औषध आणि अपायकारक औषध हे सगळे एकाच ओळीत मांडले होते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा क्रमांक १२३ झाला, ओळ तशीच राहिली. कायद्यालाही बाटलीत काय आहे यापेक्षा ती कुणी, कुणाला, काय ठाऊक असताना दिली हे पाहायचे असते. निदान तसे त्याने पाहावे अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तो तसे पाहतो का, हा या लेखाचा विषय.

एकाने नशेची किंवा अपायाची वस्तू दिली, दुसऱ्याने ती स्वतःच्या हाताने तोंडाला लावली आणि तो मेला. मारले कुणी? फौजदारी न्यायालयाला इथे दोन गोष्टी सिद्ध करून हव्या असतात. पहिली देणाऱ्याच्या मनाची: त्याचा उद्देश होता का, उद्देश नसला तरी मृत्यू संभवतो याची जाणीव होती का, की ती नुसतीच हयगय होती? दुसरी साखळीची: त्याने दिले म्हणूनच हा मेला का? या दोन प्रश्नांवर मुंबई उच्च न्यायालयापासून परदेशी न्यायालयांपर्यंत जे निकाल झाले, ते कागदपत्र म्हणून नव्हे तर लेखन म्हणून वाचले तर त्यांत एक चमत्कारिक ओढ दिसते. जो हात तोंडाच्या सर्वांत जवळ, तो कायद्याला आधी दिसतो. आणि वाटपाच्या धंद्यात तर, ज्याला सर्व ठाऊक असते तो तोंडापासून सर्वांत दूर बसलेला असतो.

सुरुवात एका ताडीच्या मडक्यापासून करावी लागेल. १८६८ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर धनिया दाजी नावाच्या माणसाचा खटला आला. त्याची ताडी चोरीला जात असे. चोर सापडावा म्हणून त्याने मडक्यांत शेराचा चीक घातला. शेर म्हणजे शेताच्या कुंपणाला लावतात तोच. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर काय होते ते गुराख्याची पोरेही सांगतील. माणसाच्या पोटात गेला तर इजा होणार हे धनियाला ठाऊक होते. पुढे ती ताडी एका अनोळखी विक्रेत्याकडून काही शिपायांनी विकत घेतली, प्यायली आणि त्यांना त्रास झाला. चोर सापडल्याची नोंद नाही. धनियाला ३२८खाली दोषी ठरवले गेले आणि ती दोषसिद्धी कायम राहिली.

हा निकाल कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत चार ओळींत उरकतात. मला तो या विषयातला सर्वांत समंजस निकाल वाटतो. त्यातली माणसे मोजून पाहा. धनियाचा रोख चोरावर, त्रास झाला शिपायांना. मध्ये एक अनोळखी विक्रेता, ज्याला बहुधा काहीच ठाऊक नव्हते. शिपायांच्या तोंडाला मडके धनियाने लावले नाही, त्यांना तो भेटलाही नाही. ‘जवळचा हात’ शोधायचा तर तो विक्रेता होता. तरीही दोष गेला धनियाकडे, कारण मडक्यात काय आहे हे त्या सगळ्या साखळीत एकट्याला ठाऊक होते. विक्रेता मध्ये आला म्हणून साखळी तुटली नाही आणि शिपायांनी आपणहून विकत घेऊन प्यायले म्हणूनही तुटली नाही. ते ताडी समजून प्यायले होते, चीक समजून नव्हे.

म्हणजे १८६८ सालीच एक कसोटी हातात आली होती, कुणी तिला नाव दिले नाही इतकेच. देणाऱ्याला जे ठाऊक होते आणि घेणाऱ्याला जे ठाऊक नव्हते, त्या दोहोंमधली तफावत हा गुन्ह्याचा गाभा. अंतर किती आणि मध्ये हात किती, हा दुय्यम प्रश्न.

पुढे चौतीस वर्षांनी, १९०२मध्ये, त्याच न्यायालयाने ‘सम्राट विरुद्ध ओंकार रामप्रताप’ या प्रकरणात वेगळे सूत्र मांडले आणि तेच पुढे शंभर वर्षे चालले. सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी म्हटले की, हयगयीने मृत्यू घडवल्याच्या आरोपात आरोपीची कृती ही मृत्यूचे निकटचे आणि परिणामकारक कारण असली पाहिजे, मध्ये दुसऱ्या कुणाची हयगय येता कामा नये. ‘ही कृती नसती तर मृत्यू झाला नसता’ एवढे दाखवून भागत नाही. सूत्र हयगयीसाठी होते आणि तेवढ्यापुरते ते न्याय्यच आहे. सायकल रस्त्यात आडवी लावणाऱ्याला पुढच्या प्रत्येक अपघाताबद्दल तुरुंगात घालता येत नाही. १९६०च्या दशकात मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मेले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कुर्बान हुसेन रंगवाला यांच्या खटल्यात हेच सूत्र वापरून व्यवस्थापक भागीदाराला ३०४-अमधून सोडले, कारण टर्पेंटाइन घाईने ओतणारा हात वेगळा होता. आगीच्या ज्वालाग्राही पदार्थांबाबतची हयगय तेवढी कायम ठेवली.

औषधाच्या बाबतीत या सूत्राने काय केले ते ‘अंबालाल भट्ट विरुद्ध गुजरात राज्य’ या १९७२च्या निकालात पाहावे. बडोद्याच्या एका कारखान्यात शिरेतून देण्याचे ग्लुकोज-सलाईन बनले, त्यात शिशाचे नायट्रेट मर्यादेबाहेर होते. दहाहून अधिक रुग्ण दगावले. अंबालाल भट्ट तिथले रसायनतज्ज्ञ. वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या चार घाण्यांना त्यांनी एकच बॅच क्रमांक दिला होता. चार क्रमांक दिले असते तर चार नमुने तपासले गेले असते आणि शिसे कदाचित सापडले असते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नियम मोडला हे खरे, पण नियमभंग म्हणजे मृत्यूचे निकटचे कारण नव्हे. त्या कारखान्यातल्या पद्धतीत चूक अनेकांची होती. ते ३०४-अमधून सुटले.

हा निकाल मला चुकीचा वाटत नाही. अंबालालना शिसे आहे हे ठाऊक नव्हते. परंतु तो वाचून होताना मनात येते, की मग इतक्या माणसांचे काय? न्यायालयाच्या चौकटीत याला उत्तर नाही. चौकटीत एक आरोपी उभा असतो आणि त्याच्यापुरताच प्रश्न सुटतो. चूक पाच जणांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी चूक ‘निकटचे कारण’ होण्याइतकी मोठी राहत नाही.

हीच गोष्ट चौकशी आयोगाला वेगळी दिसते. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मेले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने ते पिंप कुठून निघाले, निविदा कुणी मंजूर केली, नमुना कुणी तपासला नाही, फाइल कुणी दाबली, असा खाटेपासून मंत्रालयापर्यंतचा एकेक हात तपासला. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात सार्वजनिक चौकशीचे इतके निर्भीड लेखन क्वचितच झाले असेल. पण आयोग शिक्षा देऊ शकत नाही. ज्याला साखळी दिसते त्याच्याकडे शिक्षा नाही, आणि ज्याच्याकडे शिक्षा आहे त्याला एकच कडी दाखवली जाते.

आता दारूकडे येतो, कारण आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाचे रोजचे रूप दारूच आहे.

जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणी भागात गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. तिच्यात मिथेनॉल होते. मिथेनॉल हे औद्योगिक द्रव्य आहे. चवीला आणि वासाला ते साध्या मद्यार्काच्या इतके जवळ असते की पिणाऱ्याला फरक कळत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याच्या नसेवर आणि रक्ताच्या आम्लतेवर घाव घालते. यात वेळ जातो, अर्धा दिवस, कधी एक दिवस. सोबत साधी दारूही पोटात असेल तर परिणाम आणखी लांबतो, कारण यकृत आधी ती पचवत बसते. डॉक्टर उतारा म्हणून हाच गुण वापरतात. पण या विलंबाचा कायद्यावरचा परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. प्यायला एका अड्ड्यावर, त्रास झाला घरी, मेला तिसऱ्या ठिकाणी, मधल्या काळात आणखी कुठेतरी प्यायला असेल तर नसेल म्हणून सांगणार कोण?

मालवणीच्या खटल्यात २०२४मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौघांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली आणि दहा जणांना सोडले. घटनेनंतर जवळपास नऊ वर्षांनी. खुनाचा नव्हे, सदोष मनुष्यवधाचा दोष, म्हणजे मारण्याचा उद्देश नव्हता पण मृत्यू संभवतो याची जाणीव होती. कायद्याच्या दृष्टीने ही रेघ बरोबर ओढली गेली आहे. गिऱ्हाईक मरावे असे कोणत्याच दुकानदाराला वाटत नसते. गिऱ्हाईक मेले तर मेले, हे मात्र त्याला चालते. दंड संहितेतला ‘जाणीव’ हा शब्द याच माणसासाठी ठेवलेला आहे.

शंभर माणसे एका वस्तीत दोन-तीन दिवसांत, सारखी लक्षणे घेऊन मेली की साखळी सिद्ध करणे फार अवघड राहत नाही. आकडा स्वतःच पुरावा होतो. प्रश्न आहे तो एकट्या माणसाचा.

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद-संग्रामपूरपासून खाली घाटावरच्या तालुक्यांपर्यंत हातभट्टीवर धाड पडल्याची बातमी आठवड्याला असते: इतका मोहाचा सडवा नष्ट, इतक्या लिटरची दारू जप्त. नवसागर, गूळ, मोह. काढणारा चव तेज व्हावी म्हणून आणखी काय टाकतो ते त्यालाच ठाऊक. एखाद्या सकाळी गावाबाहेर चाळिशीतला माणूस पडलेला सापडतो. मर्ग दाखल होतो. पंचनाम्यात तोंडाला दारूचा वास असल्याची नोंद. व्हिसेरा राखून अमरावतीला पाठवतात. अहवाल येईपर्यंत तेरावे होऊन जाते, कधी वर्षश्राद्धही. अशा मर्गची कागदपत्रे मी कितीतरी पाहिली आहेत. त्यांत ‘अति मद्यप्राशनाने’ हे दोन शब्द असतात आणि तिथे तपास संपतो. व्याकरणाने पाहिले तर या दोन शब्दांत कर्ता मृत माणूस आहे. त्याने अति प्यायली. दिली कुणी, तिच्यात काय होते, हे वाक्यात नाहीच. त्याची बायको, जी गावात बाटली आडवी करण्यासाठी मतदानाला उभी राहते, ती मात्र वाक्य वेगळे म्हणते: अमक्याच्या दारूने मारले. तिच्या वाक्यात कर्ता दुसरा आहे. तिचे म्हणणे सिद्ध होईलच असे नाही. माझा आक्षेप एवढाच की तिचे वाक्य तपासासाठी उचललेच जात नाही.

मग या विक्रेत्यावर कारवाई होते ती कशी? दारूबंदी कायद्याखाली गुन्हे, जामीन, पुन्हा गुन्हे. आणि फारच झाले तर १९८१च्या, सोप्या भाषेत एमपीडीए म्हणतात त्या कायद्याखाली स्थानबद्धता. त्या आदेशात रासायनिक अहवालाचा हवाला असतो की ही दारू मानवी सेवनास अपायकारक आहे. गंमत पाहा. स्थानबद्ध करताना अपाय पुरेसा असतो, खटला न चालवता माणूस वर्षभर आत बसतो, आणि त्याच दारूने मेलेल्या माणसाच्या मर्गमध्ये अपायाचा उल्लेखही नसतो. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची कटकट नको म्हणून शासनाने काढलेली ही पळवाट आहे, असे माझे मत आहे. सोयीची आहे, न्याय्य नाही: आरोपीलाही नाही आणि मेलेल्यालाही नाही.

केरळने दुसरी वाट धरली. त्यांच्या अबकारी कायद्यातले कलम ५७-अ सांगते की दारूत घातक द्रव्य मिसळले गेले आणि माणूस मेला तर जन्मठेप, अगदी फाशीसुद्धा. आणि आपण मिसळले नाही किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे आरोपीने सिद्ध करायचे. ऑक्टोबर २०००मध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या कल्लुवाथुक्कल इथे ३१ माणसे मेली, त्यात विकणारी बाई आणि तिला माल पुरवणारा मणिचन असे दोन्ही थर न्यायालयात आले, आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणिचनची जन्मठेप कायम ठेवली. दूरचा हात सापडला, हे या कायद्याचे श्रेय. परंतु पुराव्याचा बोजा उलटा करण्याला मी बिचकतो. मोठा पुरवठादार चांगला वकील करून काळजी घेतल्याचे कागद उभे करतो, पाउच विकणारी म्हातारी करू शकत नाही.

अमली पदार्थांचा आपला कायदा, १९८५चा एनडीपीएस, या साऱ्यांहून वेगळा आहे. त्यात मृत्यू हा शब्द परिणाम म्हणून येतच नाही. २००१च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ठरते ती वजनावर: अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण आणि मधले. गर्द विकणाऱ्याच्या गिऱ्हाईकाने शेवटचा झुरका घेतला काय आणि तो जिवंत राहिला काय, ग्रॅम तेच तर शिक्षा तीच. आरोपीची दोषी मनःस्थिती गृहीत धरण्याची तरतूद कलम ३५मध्ये आहे, पण तीही बाळगण्या-विकण्यापुरती. मृत्यूसाठी पोलिसांना जुन्या दंड संहितेकडे, आता न्याय संहितेच्या १०५, १०६, १२३ या कलमांकडे वळावे लागते.

याच्या उलट उदाहरण गुटख्याचे. महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे आणि बुऱ्हाणपूरकडून मलकापूरच्या रस्त्याने तो येतो, हे जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण पंधरा-वीस वर्षे खाल्लेल्या पुड्यांतून झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचा दोष कोणत्या पुडीवर, कोणत्या ट्रकवर टाकणार? जिथे साखळी दाखवता येत नाही तिथे कायद्यात मृत्यू आहे. जिथे सुई हातात घेऊनच माणूस सापडतो तिथे कायद्यात मृत्यू नाही.

म्हणून गुटख्याच्या प्रकरणांत पोलीस ३२८ लावू लागले, जे अजामीनपात्र आहे. ते लागू होते की नाही यावर औरंगाबाद खंडपीठाने २०१६मध्ये ‘नाही’ म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये तो निकाल बाजूला ठेवून प्रश्न परत पाठवला, आणि २०२०मध्ये त्याच खंडपीठाने ‘होते’ म्हटले. वादाचा मुद्दा असा की विकणारा ‘सेवन करवतो’ का? धनिया दाजीच्या निकालाकडे परत गेले तर उत्तर सापडते, मात्र ते सरकारला आवडणारे नाही. शिपायांना चीक ठाऊक नव्हता, म्हणून धनियाने तो ‘प्यायला लावला’. गुटखा खाणाऱ्याला मात्र आपण काय खातो ते ठाऊक आहे. दोघांच्या माहितीत तफावत नाही. बंदी मोडल्याची शिक्षा जरूर द्यावी, पण विष घातल्याचे कलम तिथे बसत नाही. मालवणीत मात्र ते नेमके बसते: आपण दारू पितो हे पिणाऱ्याला ठाऊक होते, मिथेनॉल पितो हे नव्हते.

३२८बद्दल आणखी एक बाब आरोपपत्र लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात येत नाही. त्याची कमाल शिक्षा दहा वर्षे. जाणीवपूर्वक सदोष मनुष्यवधाची कमाल शिक्षाही दहा वर्षे. म्हणजे अपायकारक वस्तू दिली आणि माणूस नुसता आजारी पडला, तरी दहा; मेला, तरी दहा. मृत्यूमुळे कमाल मर्यादा तसूभर सरकत नाही. मग साखळी सिद्ध करण्याचा खटाटोप सरकारी वकील का करील? तो ३२८वर भर देतो, शिक्षा मिळते, आणि निकालपत्रात मृत्यू हा पार्श्वभूमीचा तपशील होऊन बसतो.

इंग्लंड-अमेरिकेत हाच प्रश्न हेरॉइनच्या निमित्ताने आला. २००७च्या केनेडी खटल्यात पुरवठादाराने सिरिंज भरून दिली, घेणाऱ्याने स्वतः टोचून घेतली आणि तो मेला. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मनुष्यवधाची शिक्षा रद्द केली: सज्ञान, माहीतगार माणसाच्या स्वेच्छेच्या कृतीने साखळी तुटते. अमेरिकेत अमली पदार्थ वाटपातून मृत्यू झाला तर किमान वीस वर्षे असा कायदा आहे. २०१४च्या बरेज खटल्यात मेलेल्याच्या शरीरात अनेक द्रव्ये होती. हेरॉइन नसते तर तो वाचला असता, असे तज्ज्ञ छातीठोकपणे सांगू शकले नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘हातभार लागला’ एवढे पुरत नाही. दोन्ही निकालांत मला धनियाची सावली दिसते. दुसऱ्यात मात्र ती उलटी आहे: तिथे कुणाला काय ठाऊक होते, हा प्रश्नच विचारला गेला नाही, फक्त शरीरातल्या द्रव्यांची वजाबाकी झाली.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण गोव्याचे. फेब्रुवारी २००८मध्ये हणजुणे किनाऱ्यावर पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली. २०१६मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले. २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एकाला सदोष मनुष्यवध, अमली पदार्थ देणे, विनयभंग आणि पुरावा नष्ट करणे यांसाठी दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्याची सुटका कायम ठेवली. इथे केनेडीचे सूत्र लावता येत नाही, कारण पंधराव्या वर्षाच्या मुलीची ‘स्वेच्छा’ कायदा मानत नाही. पण हेही लक्षात घ्यावे की दोषी ठरला तो देणारा आणि अभियोगाच्या म्हणण्यानुसार शेवटी सोबत असलेला एकच माणूस होता. त्याच्यापर्यंत ती वस्तू कुणी आणली, त्या माणसावर मृत्यूचा आरोप नाही.

जवळचा हात आधी सापडतो, याचा ताजा दाखला विदर्भाच्या वेशीवरचा आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले मेली. त्यांतली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली होती. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्क्याची. अटक आधी झाली औषध लिहून देणाऱ्या स्थानिक डॉक्टरला, काही दिवसांनी कारखान्याच्या मालकाला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, दोषाबद्दल बोलणे योग्य नाही. क्रम मात्र नोंदवण्यासारखा आहे. आणि औषध कायद्याचे कलम २७ त्यासोबत वाचण्यासारखे आहे. भेसळीच्या औषधाने मृत्यू संभवत असेल तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप, पण तो संभव ‘केवळ’ त्या भेसळीमुळे असला पाहिजे. हा एकच शब्द बचावाच्या वकिलाला पुरेसा आहे. मूल आधीच तापाने अशक्त होते, मात्रा जास्त दिली गेली, रुग्णालयात नेण्यास उशीर झाला: यांतले काहीही उभे केले की ‘केवळ’ ढासळू लागतो. दंड संहितेने मात्र पहिल्यापासून सांगून ठेवले आहे की आधीच आजारी असलेल्याचा मृत्यू लवकर घडवणे हेही मृत्यू घडवणेच. दीडशे वर्षांपूर्वीचा मसुदा इथे नव्या कायद्याहून शहाणा आहे.

मग एनडीपीएसमध्ये मृत्यूचे कलम घालावे का? मला विचाराल तर, घालावे पण अमेरिकेसारखे नव्हे. मृत्यू झाला की शिक्षा, एवढ्यावर ते उभे राहिले तर तुरुंगात जाईल तो सोबत बसून एकाच पुडीतले घेणारा मित्र, कारण तोच जवळ असतो. कलमाने विचारावे ते देणाऱ्याला ठाऊक असलेले आणि घेणाऱ्यापासून लपवलेले: भेसळ, तीव्रता, दुसरेच द्रव्य. आणि त्याच्या शेजारी आणखी एक ओळ हवी. आजच्या कायद्यात कलम ६४-अप्रमाणे स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला संरक्षण आहे. शेजारी निळा पडत चाललेल्या मित्रासाठी १०८ला फोन करणाऱ्याला नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी असे संरक्षण दिले आहे. आमच्याकडच्या एखाद्या खोलीत ती पोरे फोन हातात घेऊन बसून राहतात, कारण गाडीसोबत पोलीसही येतील हे त्यांना पक्के ठाऊक असते.